जे डाग धरत नाही, ते जातही नाही



सध्या आमचा सगळा संसार दोन अंथरुणांभोवती फिरतो आहे. आतल्या खोलीत धाकटी लेक बाळंतपणाला आलेली. तिचं बाळ आज २२ दिवसांचं. बाहेरच्या खोलीत सासूबाई, वय ८२. महिन्यापूर्वी मोरीत पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि लघवीची नळी लावूनच त्या घरी आल्या. एकाची दुपटी वाळत नाहीत तोवर दुसरीची चादर बदलायची वेळ होते. पाणी साठवून, जपून वापरायची सवय आपल्या संभाजीनगरच्या बायकांच्या अंगवळणी पडलेली. त्यामुळे प्रत्येक बादलीचा हिशेब मनात चालूच असतो.

अशात परवा जावईबापू आले ते एक भलं मोठं पाकीट घेऊन. आत बाळासाठी तीन छोट्या चादरी, आजींसाठी गादीचं आच्छादन आणि वर फवारा मारायची एक बाटली. पाकिटावर झळकत होतं : डाग धरत नाही, पाणी-तेल शोषत नाही, जंतू वाढू देत नाही! किंमत साध्या चादरीच्या दुपटीहून अधिक. ‘‘आई, तुमचं धुणं निम्मं होईल,’’ असं ते म्हणाले, तेव्हा खरं सांगते, माझा जीव हरखला. माझ्या कष्टांची आठवण ठेवून आणलेली वस्तू. तिला नावं कशी ठेवणार?

‘‘आणि ही बाटली आजींच्या पैठणीवरही मारून ठेवू,’’ असंही ते म्हणाले.

सासूबाई पडल्या पडल्या सगळं ऐकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘जंतू मारणारं कापड म्हणता. आणि बाळानं त्याची कड तोंडात घातली म्हणजे?’’

घरात सगळे शिकलेले. पण कुणापाशी उत्तर नव्हतं. पाकीट तसंच कपाटावर ठेवलं आणि रविवारची वाट पाहिली. रविवारी नणंदेचा मुलगा बाळाला पाहायला येणार होता. तो इथेच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मी त्याच्यासाठी अळूवड्यांचा घाट घातला होता, आणि झालं असं की सगळा धडा त्या अळूच्या पानापासूनच सुरू झाला.

पान पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतं

‘‘मामी, एक पान इकडे द्या,’’ म्हणून त्याने पानावर पाणी शिंपडलं. मोत्यासारखे थेंब घरंगळून गेले. मग त्याने गोडेतेलाचा एक थेंब टाकला. तो मात्र पसरला आणि पानाला चिकटून बसला. नंतर पाकिटातल्या चादरीचा कोपरा ओढून त्याने त्यावरही तेच केलं. पाण्याचा थेंब उभा राहिला आणि तेलाचाही उभाच राहिला! लेक म्हणाली, ‘‘अगंबाई, ही तर अळवाच्याही वरताण निघाली.’’

त्याचं कारण त्याने सांगितलं ते असं. प्रत्येक पातळ पदार्थ स्वतःला आत ओढून गोळा व्हायला बघतो. या ओढीला पृष्ठताण म्हणतात. एका ठरावीक मापात पाण्याची ओढ ७२ भरते, आपल्या स्वयंपाकाच्या तेलांची ३२-३३ च्या आसपास. ज्या पृष्ठभागाची पकड या आकड्यापेक्षा कमी, त्यावर तो थेंब पसरत नाही. अळूच्या पानावर मेणासारखा थर आणि बारीक खडबडीतपणा असतो. तो पाण्याला पुरतो, तेलाला पुरत नाही. टेफ्लॉनचा आकडा १८ च्या जवळ. आणि कार्बन-फ्लोरिनच्या बारीक शेपट्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या, तर तो ६ पर्यंत खाली येतो. तिथे तेलाचंही काही चालत नाही.

इथे एक खुलासा करते. आपल्या मराठवाड्यात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दात पिवळे पडतात, हाडं दुखतात, हे आपण ऐकत आलो. तो फ्लोराइड निराळा. या चादरीवरचा फ्लोरिन कार्बनला गच्च बांधलेला असतो. कार्बन ज्या ज्या मूलद्रव्यांशी एकपदरी गाठ मारतो, त्यांत ही गाठ सगळ्यांत पक्की. ही गाठ लक्षात ठेवा. पुढचं सगळं बरं-वाईट तिच्यातूनच येतं.

रिठ्यापासून सॅव्हलॉनपर्यंत

आता जंतू मारण्याचं काम. त्यासाठी आधी साबणाकडे वळू. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. म्हणून ओशट मळ पाण्याबरोबर निघून जातो. रिठ्याचा, शिकेकाईचा फेस हेच काम करतो. सासूबाई रेशमी वस्त्रं कायम रिठ्याच्या पाण्यात काढत आल्या. नात्यातल्या बायका त्यांची पैठणी पाहून अजूनही विचारतात, ही इतकी नवी कशी?

साबणाच्या या बिरादरीत एक शाखा अशी आहे, की तिच्या कणावर धन विद्युतभार असतो. सॅव्हलॉनमधलं सेट्रिमाइड त्याच शाखेतलं. केसांच्या कंडिशनरमध्येही याच घराण्यातली मंडळी असतात. जंतूंच्या अंगावरचं आवरण ऋण भाराचं, म्हणून हे कण त्याकडे ओढले जातात आणि आपली तेलकट शेपटी त्या आवरणात खुपसून ते फाडतात. जंतू मरतो. गेरहार्ड डोमाक या जर्मन शास्त्रज्ञाने १९३५ साली या रसायनांचा हा गुण जगापुढे मांडला.

मग पुढच्या शास्त्रज्ञांच्या मनात आलं, की हे दोन्ही गुण एकाच माळेत ओवले तर? पॉलिमर म्हणजे माळच की! आपण काळी पोत ओवताना मधे मधे सोन्याचे मणी घालतो, तसे त्यांनी एका लांब साखळीत फ्लोरिनच्या शेपट्या ओवल्या आणि मधे मधे धन भाराचे जंतुनाशक मणी घातले. गंमत अशी, की फ्लोरिनच्या शेपटीला पाणीही आवडत नाही आणि तेलही आवडत नाही. त्यामुळे असा पदार्थ रंगात, लेपात मिसळला, की त्या शेपट्या दुधावर साय यावी तशा वर येतात आणि जंतुनाशक मण्यांनाही सोबत वर ओढून आणतात. जिथे जंतू बसणार, नेमकं तिथेच हत्यार! म्हणून पदार्थ थोडकाच पुरतो.

‘‘मग ही चादर तीच?’’ मी विचारलं. त्याने मान हलवली. बाजारातल्या कापडावर बहुधा दोन निरनिराळे लेप असतात, डागासाठी एक आणि जंतूंसाठी एक. एकाच माळेत दोन्ही गुण ओवण्याचं काम अजून बरंचसं प्रयोगशाळांतून चाललेलं असतं. पण तत्त्व तेच, आणि गाठही तीच.

याची खरी गरज कुठे?

भाचा बाहेरच्या खोलीत गेला आणि आजीच्या नळीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘खरी गरज इथे आहे.’’

लघवीची नळी फार दिवस राहिली, की तिच्या आत-बाहेर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. आपल्या मोरीच्या कोपऱ्यात शेवाळ धरतं ना, तसाच. त्या थराखाली लपलेल्या जंतूंपर्यंत औषधं नीट पोचत नाहीत. मग ताप, थंडी, पुन्हा दवाखाना. अशा नळ्यांवर, हाडात बसवायच्या सळ्यांवर, जखमेच्या पट्ट्यांवर जंतूंना बसूच न देणारा लेप देता आला, तर कितीतरी म्हातारी माणसं वाचतील. या पॉलिमरमागे शास्त्रज्ञ लागले आहेत ते त्यासाठी. तिथे चार थेंब रसायन वापरून एक जीव वाचतो. हा हिशेब मलाही पटला.

तो लेप घरोघरी येईल तेव्हा येईल. तोवर सासूबाईंची काळजी घ्यायला नर्सबाईंनी सांगितलेल्या गोष्टी इथे लिहिते; कुणाच्या घरी नळी असेल त्यांना उपयोगी पडतील. नळीला हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवायचे. पिशवी कायम कमरेच्या खालच्या पातळीवर टांगायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. नळीला पीळ किंवा मुडप पडू द्यायची नाही. पिशवी नि नळीचा जोड उगाच सोडायचा नाही. ताप आला, लघवी गढूळ झाली किंवा थांबली, तर डॉक्टरांना लगेच कळवायचं.

आणि बाळाच्या चादरीचं काय? तिथे हिशेब उलटा निघतो. जंतुनाशक कापडाचा लेप धुण्यागणिक उतरत जातो. शिवाय मेलेल्या जंतूंचा आणि मळाचा थर वर बसला, की खालच्या हत्याराची धार जाते. म्हणजे चादर धुवायची ती धुवायचीच! गंमत पाहा, आपला साबण नि कपड्यांची पावडर बहुधा ऋण भाराची असते. ती या धन भाराच्या रसायनाला पकडून निकामी करते. हीच गोष्ट सॅव्हलॉनलाही लागू. कितीतरी घरांत बादलीत साबण आणि सॅव्हलॉन एकदम कालवतात. मीसुद्धा इतकी वर्षं तेच करत होते! दोघांची भांडणं लागतात आणि दोघंही वाया जातात. आधी साबणाने धुवा, साबण पूर्ण खंगाळून काढा आणि मग सॅव्हलॉनच्या पाण्यातून काढा.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक द्रव्यं घरगुती साबणातून काढून टाकायला सांगितली. ती साध्या साबण-पाण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात, हे कंपन्यांना दाखवून देता आलं नव्हतं. बाळाच्या दुपट्यांना साबण, खळखळून पाणी आणि कडक ऊन एवढं पुरतं. आपल्या गावात उन्हाची कधी टंचाई झाली आहे का?

बुटावरचा डाग

या फ्लोरिनच्या जन्मकथेत एक बाई आहे. ती गोष्ट तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही.

१९५३ साली अमेरिकेत थ्री-एम कंपनीच्या प्रयोगशाळेत पॅट्सी शेर्मन नावाची तरुण रसायनतज्ज्ञ विमानांसाठी लागणाऱ्या रबरावर काम करत होती. एक दिवस प्रयोगातलं फ्लोरिनयुक्त द्रव्य एका मदतनीस मुलीच्या कॅनव्हासच्या बुटावर सांडलं. पाणी लावलं, साबण लावला, स्पिरिटसारखी द्रव्यं लावली, पण ते काही निघेना. पुढे बूट मळला. जिथे ते थेंब पडले होते तेवढी जागा मात्र स्वच्छ! दुसरी कुणी असती तर बूट फेकून दिला असता. शेर्मनबाई मात्र त्या जागेचा विचार करत बसल्या. सॅम्युअल स्मिथ या सहकाऱ्याबरोबर त्यांनी त्यातून कापड, गालिचे, सोफे यांवरचा डाग न धरणारा लेप तयार केला. १९५६ मध्ये तो स्कॉचगार्ड या नावाने बाजारात आला. कापडगिरणीत त्याच्या चाचण्या चालत तेव्हा शेर्मनबाईंना बाहेर थांबावं लागे, कारण त्या काळी गिरणीत बायकांना प्रवेश नव्हता. ज्या वस्तूने जगातल्या बायकांचं धुणं हलकं होणार होतं, ती बनवणारी बाई दाराबाहेर उभी!

टेफ्लॉनचीही कथा अशीच अवचित घडलेली. ६ एप्रिल १९३८ रोजी रॉय प्लंकेट यांच्या वायूच्या नळकांड्यातून वायूऐवजी पांढरी भुकटी निघाली. पुढे १९५० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार मासे धरण्याच्या साहित्यासाठी टेफ्लॉन वापरत होते. त्यांच्या बायकोने विचारलं, माझ्या तव्याला का नाही लावत? तिथून न चिकटणारा तवा निघाला.

गाठ सुटत नाही, तेव्हा

इथवर सगळं छानच. पण त्या पक्क्या गाठीची दुसरी बाजू कळायला पन्नास वर्षं लागली. ती ऊन, पाणी, माती, जंतू कुणालाच दाद देत नाही. कापडावरून डाग जसा हटवावा लागत नाही, तसं हे रसायनही निसर्गातून हटत नाही. लांब साखळीचा मोठा पॉलिमर सहसा अंगात शिरत नाही. पण त्याच्या फ्लोरिनच्या शेपट्या हळूहळू तुटतात, कारखान्यातून तसल्याच सुट्या कणांचं सांडपाणी बाहेर पडतं, आणि ते कण पाण्याबरोबर कुठच्या कुठे जातात. अशा हजारो रसायनांच्या घराण्याला मिळून ‘पीफास’ म्हणतात.

यातली काही रक्तात शिरली, की निम्मी व्हायलाच काही वर्षं लागतात. गर्भातल्या बाळाला ती नाळेतून मिळतात, अंगावरच्या दुधातूनही मिळतात. (म्हणून कुणी दूध पाजायचं थांबवू नका! आईच्या दुधाचे गुण यापेक्षा फार मोठे आहेत, आणि डॉक्टरांचा सल्लाही तोच आहे.) कोलेस्टेरॉल वाढणं, लहान मुलांना लशीचा गुण कमी येणं, जन्मतः वजन थोडं कमी भरणं, यांच्याशी त्यांचा संबंध आढळला आहे. टेफ्लॉन बनवताना पूर्वी वापरलं जाणारं पीएफओए हे रसायन माणसाला कर्करोग करू शकतं, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ मध्ये दिला.

थ्री-एमने स्कॉचगार्डमधलं पीएफओएस हे मूळ रसायन थांबवण्याचं २००० साली जाहीर केलं. २००९ मध्ये त्याचं नाव स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं, २०१९ मध्ये पीएफओएचं गेलं. आता कंपन्या आखूड शेपटीची रसायनं वापरतात. ती अंगातून लवकर निघून जातात हे खरं, पण पाण्यातून जात नाहीत. गाठ तीच ना!

इटलीतल्या आया

इटलीच्या व्हेनेतो भागात त्रिस्सिनो नावाचं गाव आहे. तिथल्या मितेनी कारखान्यात अशी रसायनं बनत. २०१३ मध्ये लक्षात आलं, की भूजल दूषित झालं आहे. त्या टापूत साडेतीन लाखांच्या आसपास माणसं राहतात. पाणी दिसायला स्वच्छ. वास नाही, चव नाही. २०१७ पासून तरुण मुलामुलींचं रक्त तपासायला सुरुवात झाली आणि घरोघरी आयांच्या हाती आकड्यांचे कागद आले. ज्या आईने मुलाला नळाचं पाणी पाजून वाढवलं, तिला तो कागद वाचताना काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

या आया रडत बसल्या नाहीत. त्या एकत्र आल्या आणि त्यांनी ‘पीफास नको म्हणणाऱ्या आया’ अशी संघटना केली. मुलांच्या रक्तातले आकडे पांढऱ्या सदऱ्यांवर छापून त्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये कारखान्याचं दिवाळं निघालं. जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने कारखान्याशी संबंधित ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. शिक्षांची बेरीज १४१ वर्षं होते.

ही गोष्ट इटलीतच संपत नाही. त्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने २०१९ मध्ये विकत घेतली. समुद्रमार्गे ती आली ती आपल्या महाराष्ट्रात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. यंत्रं तीच, म्हणून पाप तेच घडेल असं मी म्हणत नाही. यंत्र चालवणाऱ्यावर आणि त्यावर नजर ठेवणाऱ्यावर सगळं असतं. पण सांडपाणी कोण तपासतं, किती दिवसांनी तपासतं, त्याचे आकडे गावाला कुठे वाचायला मिळतात, हे विचारायचा हक्क तिथल्या प्रत्येक बाईला आहे. इटलीतल्या आयांनी फार उशिरा विचारलं, कारण आधी कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

आणि आपली खाम

‘‘पण आपल्या गावात असा कारखाना नाही ना?’’ लेकीने विचारलं.

भाचा म्हणाला, ‘‘कारखाना राहू दे. ही चादर तू धुशील, ते पाणी कुठे जाईल?’’

मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून खाम नदीत. आणि खाम? ती पुढे गोदावरीला, म्हणजे पैठणच्या नाथसागराच्या पाण्याला जाऊन मिळते. त्याच नाथसागरातून, १९७६ मध्ये उभ्या राहिलेल्या जायकवाडीच्या जलाशयातून, आपल्या शहराच्या नळांना पाणी येतं. मी गप्पच झाले. माझ्या मोरीपासून माझ्या माठापर्यंतची वाट इतकी सरळ असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. एका चादरीने धरण नासत नाही, हे मलाही कळतं. पण शहरात चादरी किती, रेनकोट किती, फवाऱ्याच्या बाटल्या किती!

एक काळजीची गोष्ट सांगून ठेवते. तुरटी, क्लोरिन, उकळणं यांनी ही रसायनं जात नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, म्हणून उकळणं सोडू नका. पण यावर तो इलाज नव्हे. आर.ओ.च्या यंत्राने आणि चांगल्या कोळशाच्या गाळणीने ती बरीच कमी होतात. मात्र गाळणी वेळच्या वेळी बदलायला हवी.

शेवटी आम्ही काय केलं?

बाळाच्या तिन्ही चादरी परत केल्या. बाळाखाली मेणकापड, त्यावर जुन्या लुगड्याचं चौघडी दुपटं, हीच व्यवस्था कायम. मेणकापडाने पाणी अडतं. बाळाच्या अंथरुणाला तेलाशी झगडायची गरजच काय? सासूबाईंच्या गादीवरही साधं मेणकापड नि सुती चादर घातली. फवाऱ्याची बाटली दुकानदाराने परत घेतली नाही. ती मोरीत ओतायची नाही, एवढं मी आता शिकले. झाकण घट्ट लावून ती माळ्यावर ठेवली आहे.

जावईबापूंना मी सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांचा हेतू माझं धुणं कमी करण्याचा होता. त्यावर त्यांनीच तोड काढली : आता दर रविवारी दुपट्यांची एक बादली ते स्वतः पिळून वाळत घालतात. या लेपापेक्षा हा उपाय मला जास्त टिकाऊ वाटतो!

तुमच्यासाठी थोडक्यात चार गोष्टी लिहून ठेवते.

घरातल्या कापडाची परीक्षा अशी करा : कोपऱ्यावर एक थेंब पाणी, एक थेंब गोडेतेल टाका. दोन्ही उभे राहिले तर लेप फ्लोरिनचा समजा. पाणी उभं राहिलं आणि तेल मुरलं, तर मेणाचा किंवा सिलिकॉनचा असावा. रेनकोटला, छत्रीला एवढं पुरतं. पावसात तेल पडत नाही.

विकत घेताना दुकानदाराला विचारा, यात फ्लोरिन आहे का, पीफास-विरहित आहे का. माहीत नाही म्हणाला, तरी विचारा. दहा जणींनी विचारलं, की अकराव्या वेळी तो कंपनीला विचारील.

न चिकटणारा तवा असेल तर तो रिकामा तापवू नका. २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप बिघडू लागतो, आणि फार तापला तर त्याच्या वाफेने पिंजऱ्यातले पोपट मरू शकतात. लाकडी उलथनं वापरा. लेपाचे पापुद्रे निघाले, की तवा बदला. शक्यतो लोखंडी बिडाचा घ्या. तो तेल पिऊन पिऊन आपणच न चिकटणारा होतो.

पैठणी, हिमरू यांसारख्या पिढीजात वस्त्रांवर कसलाही फवारा मारू नका. रेशमावर, जुन्या जरीवर तो कसा वागेल याची हमी कुणी देत नाही, आणि एकदा बसला की तो सहजी उतरत नाही. सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, वर्षातून दोनदा घडी बदला, सावलीत वारा द्या.

काल संध्याकाळी सासूबाईंनी पैठणी मांडीवर मागवली. नातजावयाला पदराच्या कोपऱ्यातला एक फिकट पिवळा डाग दाखवला आणि म्हणाल्या, ‘‘हा माझ्या पहिल्या हळदीकुंकवाचा. रिठ्याने निम्मा गेला, निम्मा राहिला. राहू दे.’’